‘राहवलं नाही’ हे इंग्रजीत कसं सांगायचं

डिसेंबरातली रात्र. यावल तालुक्यातल्या एका शेतात भरीत पार्टी चालली होती. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, त्यात पातीचा कांदा, लसूण आणि हिरवी मिरची, आणि सोबतीला कळण्याच्या पुऱ्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याहून सुट्टीला आली होती. महिनाभर तिने तेलकट, तिखट सगळं बंद केलं होतं. भरताचा वास आला तशी मात्र ती सरळ पंगतीत येऊन बसली. जेवता जेवता तिने ताटाचा फोटो काढला, ऑफिसातल्या चेन्नईच्या मैत्रिणीला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आय कॅनॉट लिव्ह विदाऊट ईटिंग भरीत.’

मैत्रिणीचं उत्तर लगेच आलं. तू हे रोज खातेस का, मग पुण्यात तुला कुठे मिळतं, अशी तिची चौकशी.

पोरगी फोन घेऊन माझ्याकडे आली. “सर, मी तर लिहिलं, भरीत खाल्ल्याशिवाय राहवलं नाही. ही रोजचं काय विचारतेय?”

वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, पण त्याचा अर्थ होत होता, ‘भरीत खाल्ल्याशिवाय मी जगूच शकत नाही.’ ‘राहणं’ म्हणजे ‘लिव्ह’ हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं, आणि ‘राहवलं नाही’ हे ‘राहणं’मधूनच निघालेलं. त्यामुळे तिला सांगायचा होता एका रात्रीचा मोह, आणि इंग्रजीत पोचली जन्मभराची सवय.

अमळनेरला शिकवणीत ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता त्यावर आठवडाभर तरी खर्च केल्याशिवाय पुढे जात नाही. हा धडा मला फार जवळचा आहे. नोकरीसाठी पाठ केलेली इंग्रजी संपून माणूस मनातलं बोलायला लागला की त्याला पहिल्यांदा हीच वाक्यं लागतात: हसू आवरलं नाही, बोलल्याशिवाय राहवलं नाही, रडूच फुटलं. तिथेच तो अडला तर पुन्हा गप्प बसतो.

या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. शेजारी वही घ्या आणि प्रत्येक वाक्य इंग्रजी लिपीत स्वतः उतरवा. स्पेलिंग अडलं तर शब्दकोश बघा. नुसतं वाचून हे जिभेवर येत नाही.

पहिली पायरी: शेवटी ते घडलं का?

इंग्रजीकडे जाण्याआधी आपलं मराठी वाक्य नीट बघा. खरी गुंतागुंत तिथेच आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक डोळ्यांपुढे आणा. झोके झाले, गाणी झाली, आणि परत निघायचा दिवस उजाडला. तिच्याबद्दल आपण दोन वाक्यं बोलतो. ‘तिला निघवेना.’ ‘तिला रडल्याशिवाय राहवेना.’ दोन्हीकडे ‘तिला’ आहे, दोन्हीकडे क्रियापद ‘वेना’वर संपतं. पण पहिल्या वाक्यात निघणं घडलेलं नाही, ती उंबऱ्यातच उभी आहे. दुसऱ्या वाक्यात रडणं घडलेलं आहे.

हा फरक ‘शिवाय’मुळे पडतो. रडल्याशिवाय म्हणजे न रडता. न रडता राहता आलं नाही, म्हणजे ती रडली. दोन नकार मिळून होकार झाला. ‘निघवेना’त नकार एकच आहे, म्हणून तो नकारच राहिला.

इंग्रजीत या दोन गोष्टींचे रस्ते अगदी वेगळे आहेत. जे घडून गेलं त्याला ‘शी कुडन्ट हेल्प क्राइंग.’ जे मनाने होऊच दिलं नाही त्याला ‘शी कुडन्ट ब्रिंग हरसेल्फ टू लीव्ह.’ म्हणून माझ्या वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटी ते घडलं का? घडलं असेल तर पुढच्या चार पायऱ्या तुमच्या कामाच्या. घडलं नसेल तर सहाव्या पायरीवर जा.

दुसरा प्रश्न कर्त्याचा. मराठीत आपण म्हणतो ‘मला हसू आलं’. घरात अहिराणी असेल तर ‘माले हासू उनं’. दोन्हींत येतं ते हसू, आणि आपण फक्त ते येण्याची जागा. ‘हसू आवरेना’ म्हटलं की माणूस वाक्यातून गेलाच. इंग्रजीला हे चालत नाही. तिथे माणसाला पुढे येऊन ‘आय’ म्हणावं लागतं. ‘टू मी लाफ्टर केम’ असं वाक्य मी वहीत वाचलेलं आहे, आणि लिहिणाऱ्याचा विचार मला पूर्ण समजलेला आहे. तरी ‘मला’, ‘तिला’, ‘आम्हाला’ दिसलं की आधी त्याचं ‘आय’, ‘शी’, ‘वी’ करून वाक्याच्या तोंडाशी ठेवायचं. मग पुढचं.

दुसरी पायरी: ‘कान्ट हेल्प’ आणि पुढे आयएनजी

या विषयाचा कणा हाच. रचना सोपी आहे: कर्ता, मग ‘कान्ट हेल्प’ किंवा ‘कुडन्ट हेल्प’, मग क्रियापदाचं आयएनजी लावलेलं रूप.

‘आय कान्ट हेल्प लाफिंग.’ मला हसू आवरत नाही.
‘आय कुडन्ट हेल्प ईटिंग इट.’ ते खाल्ल्याशिवाय मला राहवलं नाही.
‘वी कुडन्ट हेल्प नोटिसिंग द क्रॅक इन द वॉल.’ भिंतीची भेग नजरेत भरल्याशिवाय राहिली नाही.

विद्यार्थी इथे हमखास विचारतात, हसण्यात मदतीचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. ‘हेल्प’चा ‘मदत करणं’ हा एकच अर्थ आपल्याला शाळेत कळलेला असतो. या शब्दाला फार जुना दुसरा अर्थ आहे: टाळणं, रोखणं, एखाद्या गोष्टीवर उपाय करणं. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळ जातो तो ‘इलाज’. माझा इलाज चालला नाही, म्हणजे मी ते रोखू शकलो नाही. ‘इट कान्ट बी हेल्प्ड’ म्हणजे आता त्याला इलाज नाही. ‘कान्ट हेल्प’च्या जागी मनातल्या मनात ‘इलाज चालत नाही’ ठेवून बघा, रचना पाठ करावी लागत नाही. हसण्यापुढे माझा इलाज चालला नाही: ‘आय कुडन्ट हेल्प लाफिंग.’

‘हेल्प’च्या पुढे माणूस आला की मात्र अर्थ परत मदतीवर जातो. ‘आय कान्ट हेल्प यू’ म्हणजे मी तुम्हाला मदत करू शकत नाही. पुढे ‘इट’ आलं की पुन्हा इलाज: ‘आय कान्ट हेल्प इट’, माझ्या हातात नाही. नामही येऊ शकतं. ‘ही कान्ट हेल्प हिज ॲक्सेंट’ म्हणजे त्याचे उच्चार तसे आहेत, त्याला तो तरी काय करणार. आपल्याकडच्या ज्या मुलांना उच्चारांवरून कुणीतरी टोचून बोललेलं असतं, त्यांना हे वाक्य मी आवर्जून शिकवतो.

काही क्रियापदं या रचनेत सारखी येतात. हसणं, रडणं तर आहेच, पण बोलण्यात जास्त ऐकू येतात ती मनातली क्रियापदं: ‘थिंकिंग’, ‘फीलिंग’, ‘वंडरिंग’, ‘नोटिसिंग’, ‘ॲडमायरिंग’. ‘आय कान्ट हेल्प फीलिंग दॅट वी मेड अ मिस्टेक’ म्हणजे आपलं चुकलंच असं राहून राहून वाटतं. हे ‘राहून राहून’ इंग्रजीत कसं आणायचं, असं मला एका शिक्षिकेने विचारलं होतं. असं आणायचं. कानावर पडलेल्या बोलण्याला ‘ओव्हरहिअरिंग’ आहे: ‘आय कुडन्ट हेल्प ओव्हरहिअरिंग यू.’ तुमचं बोलणं कानावर पडलं, मी मुद्दाम ऐकलं नाही. बसमध्ये किंवा रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायला हे सभ्य वाक्य आहे. क्रियापदाऐवजी विशेषण असेल तर मध्ये ‘बीइंग’ घाला: ‘आय कान्ट हेल्प बीइंग नर्व्हस.’

आता चुका. त्या चारच आहेत, पण चिवट आहेत. पहिली, ‘कान्ट हेल्प टू लाफ’. इथे ‘टू’ नको. दुसरी, ‘कान्ट हेल्प विदाऊट लाफिंग’. हा आपल्या ‘हसल्याशिवाय’मधला ‘शिवाय’ इंग्रजीत घुसलेला असतो. ‘शिवाय’चं काम ‘हेल्प’ने आधीच केलेलं आहे, त्यामुळे ‘विदाऊट’ काढून टाका. तिसरी, ‘कान्ट हेल्प फ्रॉम लाफिंग’. ‘स्टॉप मायसेल्फ’ आणि ‘कीप’ला ‘फ्रॉम’ लागतो, तो सवयीने इथे चिकटतो. चौथी जरा आतली आहे: ‘आय कुडन्ट हेल्प नॉट लाफिंग’. इथे अर्थच उलटा झाला, न हसण्यापुढे माझा इलाज चालला नाही. तुम्ही हसला असाल तर मध्ये ‘नॉट’ येता कामा नये.

उच्चारातही एक गोष्ट सांभाळा. भरभर बोलताना ‘कान्ट’मधला शेवटचा त गिळला जातो. फोनवर समोरच्याला ‘कॅन’ ऐकू येतं आणि वाक्य उलटतं. ‘कान्ट’वर जोर द्या, किंवा सरळ ‘कॅनॉट’ म्हणा.

तिसरी पायरी: ‘बट’ आलं की आयएनजी जातं

‘कान्ट हेल्प’च्या पुढे ‘बट’ घातलं की क्रियापद मूळ रूपात येतं, ज्याला वर्गात मुलं व्ही वन म्हणतात. ‘आय कान्ट हेल्प बट लाफ.’ ‘लाफिंग’ नाही आणि ‘टू लाफ’ही नाही. अर्थ तोच.

तिसरं रूप ‘हेल्प’ गाळून होतं: ‘आय कॅनॉट बट ॲडमायर हर करेज.’ तिच्या धैर्याचं कौतुक केल्यावाचून राहवत नाही. हे भारदस्त, लेखी रूप आहे. आपल्याकडे जसं बोलताना ‘शिवाय’ आणि भाषणात ‘वाचून’, तसंच. निबंधात, सत्काराच्या भाषणात, मानपत्रात शोभतं. चहाच्या टपरीवर ‘आय कॅनॉट बट ड्रिंक टी’ म्हटलं तर ऐकणारा दचकेल.

‘कान्ट हेल्प बट’ला जुन्या पठडीचे व्याकरणकार नाक मुरडत. त्यांच्या मते ती दोन रचनांची खिचडी होती. आता ती सर्रास बोलली आणि छापली जाते आणि तिला सहसा कोणी चूक म्हणत नाही. तरी दहावी-बारावीच्या ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये प्रश्नात जे शब्द दिले असतील तेच वापरा, आणि निवड तुमच्यावर सोडली असेल तर आयएनजीवालं रूप लिहा. त्यावर कुठलाही परीक्षक बोट ठेवू शकत नाही.

रूपांतराच्या सरावासाठी एकच वाक्य तिन्ही तऱ्हांनी लिहा. ‘वी कुडन्ट हेल्प स्मायलिंग.’ ‘वी कुडन्ट हेल्प बट स्माइल.’ ‘वी कुड नॉट बट स्माइल.’ तिन्ही न अडखळता म्हणता आली की पुढे चला.

चौथी पायरी: सुरू झालेलं थांबेना

‘हसू आवरलं नाही’ याला मराठीत दोन अर्थ आहेत, आणि आपण ते प्रसंगावरून ओळखतो. एक, हसायचं नव्हतं तरी हसू फुटलं. दोन, हसायला लागलो ते थांबता थांबेना. इंग्रजीत पहिल्याला ‘कुडन्ट हेल्प लाफिंग’, दुसऱ्याला ‘कुडन्ट स्टॉप लाफिंग’.

‘स्टॉप’च्या पुढे कायम आयएनजी हवं, कारण ‘टू’ लावलं की अर्थ पालटतो. चाळीसगावहून संभाजीनगरला जाताना कन्नडचा घाट लागतो. ‘वी स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे आम्ही घाटात चहा प्यायला थांबलो. ‘वी स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे आम्ही चहा सोडला. एका ‘टू’वर एवढा फरक आहे. म्हणून ‘आय कुडन्ट स्टॉप टू लाफ’चा अर्थ होतो, हसण्यासाठी थांबायला मला वेळ नव्हता.

मध्ये ‘मायसेल्फ फ्रॉम’ घातलं की आणखी एक छटा येते. ‘आय कुडन्ट स्टॉप मायसेल्फ फ्रॉम लाफिंग.’ मी स्वतःला रोखून बघितलं, दात दाबून धरले, तरी हसलो. ‘कीप’ही असाच चालतो: ‘आय कुडन्ट कीप फ्रॉम लाफिंग.’ ‘कीप’बरोबरचा ‘फ्रॉम’ विसरलात तर ‘कीप लाफिंग’ उरतं, आणि त्याचा अर्थ हसत राहणं.

पाचवी पायरी: मोह, अश्रू, राग

मोहाला स्वतःचं क्रियापद आहे, ‘रेझिस्ट’. पुढे नाम घ्या किंवा आयएनजी घ्या. ‘आय कुडन्ट रेझिस्ट अ सेकंड प्लेट ऑफ शेवभाजी.’ ‘आय कुडन्ट रेझिस्ट टेकिंग अ फोटो.’ मोह हा शब्दच आणायचा असेल तर ‘टेम्प्टेशन’ आणि त्यापुढे ‘टू’: ‘आय कुडन्ट रेझिस्ट द टेम्प्टेशन टू टेक अ फोटो.’ इथे ‘टू’ बरोबर आहे, कारण तो ‘टेम्प्टेशन’चा आहे, ‘रेझिस्ट’चा नाही.

‘रेझिस्ट’ तिथेच वापरा जिथे समोर काहीतरी ओढून घेणारं आहे: खाणं, खरेदी, फोटो, एखाद्याची खोडी काढणं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार बघायला गेलेला माणूस ‘आय कुडन्ट रेझिस्ट टचिंग दॅट व्हाइट हॉर्स’ म्हणेल आणि ते अगदी बरोबर असेल. रडण्याला मात्र हे क्रियापद लावू नका. रडायचा मोह कुणाला होत नाही.

अश्रूंसाठी ‘होल्ड बॅक’. ‘ही कुडन्ट होल्ड बॅक हिज टिअर्स.’ बाबांना अश्रू आवरले नाहीत. आणि एकदम फुटलं तर ‘बर्स्ट’. इथे जोड्या पाठच करा: ‘बर्स्ट आऊट’च्या पुढे आयएनजी, ‘बर्स्ट इन्टू’च्या पुढे नाम. ‘शी बर्स्ट आऊट क्राइंग’, ‘शी बर्स्ट इन्टू टिअर्स’. ‘बर्स्ट’चं भूतकाळी रूपही ‘बर्स्ट’च राहतं. आतून हसू येतंय पण चेहरा गंभीर ठेवायचाय आणि तो राहत नाही, याला ‘आय कुडन्ट कीप अ स्ट्रेट फेस’.

शब्दकोशात किंवा फोनच्या भाषांतरात ‘आवरणे’ टाकू नका. आपण पसारा आवरतो, दप्तर आवरतो, ‘आवर लवकर, गाडी सुटेल’ म्हणतो आणि हसूही आवरतो. फोनला त्यातलं तुमचं कोणतं हे कळत नाही. काय आवरायचं राहिलं ते धरून इंग्रजी क्रियापद निवडा.

‘रिस्ट्रेन’ आणि ‘रिफ्रेन’ या दोन शब्दांची सरमिसळ पदवीधरही करतात. ‘रिस्ट्रेन’ म्हणजे लगाम खेचणं. खेचायला समोर कुणीतरी लागतं, म्हणून त्याला कर्म हवंच. सारंगखेड्यात दोन माणसं दोन्ही बाजूंनी दोर धरून उधळलेला घोडा आवरत असतात, त्याला ‘दे आर रिस्ट्रेनिंग द हॉर्स’. तोच लगाम स्वतःला लावला की ‘आय कुड नॉट रिस्ट्रेन मायसेल्फ फ्रॉम स्पीकिंग’. ‘रिफ्रेन’ला कर्म चालत नाही. ‘रिफ्रेन मायसेल्फ’ हे चूक, ‘रिफ्रेन फ्रॉम स्पीकिंग’ हे बरोबर. दोन्ही शब्द लेखी आहेत. भावाशी बोलताना ‘कान्ट हेल्प’च बरा.

रागाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे व्याकरण बरोबर असूनही नुकसान होतं. ‘मला राग आवरला नाही’ हे ‘आय कुडन्ट कंट्रोल माय अँगर’ किंवा ‘आय लॉस्ट माय टेम्पर’. कामाच्या ठिकाणी एक मुलगा वरिष्ठांना उलट बोलला आणि दुसऱ्या दिवशी माफीचा मेल लिहायला बसला. त्याने लिहिलं, ‘आय कुडन्ट हेल्प इट.’ मी ते पाठवू दिलं नाही. माफीत हे वाक्य आलं की वाचणाऱ्याला वाटतं, हा म्हणतोय माझ्या हातात नव्हतं, म्हणजे चूक माझी नाही. मराठीतही ‘माझा नाइलाज झाला’ म्हणून माफी मागितली तर ती माफी वाटत नाही. त्याने ते खोडून लिहिलं, ‘आय लॉस्ट माय टेम्पर, अँड आय ॲम सॉरी.’ हसणं, कौतुक, कुतूहल, माया, यांच्यासाठी ‘कान्ट हेल्प’ खुशाल वापरा. दुसऱ्याला दुखावलं असेल तिथे वापरू नका.

सहावी पायरी: जे घडलंच नाही

आता पहिल्या पायरीतली ती उंबऱ्यातली लेक. ‘निघवेना’, ‘बोलवेना’, ‘बघवत नाही’, ‘घास उतरेना’. मराठीत ही रूपं ‘राहवेना’च्या रांगेत बसतात म्हणून मुलं त्यांनाही ‘कान्ट हेल्प’ लावतात आणि अर्थ नेमका उलटा होतो. ‘मला बोलवेना’चं ‘आय कुडन्ट हेल्प टॉकिंग’ केलं तर तुम्ही बोलत सुटला होता असं ऐकणारा समजेल.

मन धजलं नाही तर ‘कुडन्ट ब्रिंग मायसेल्फ टू’, पुढे मूळ रूप. ‘आय कुडन्ट ब्रिंग मायसेल्फ टू टेल हर.’ तिला सांगायचा मला धीर झाला नाही. समोरच्याच्या मायेपोटी नाही करवलं, तर ‘डिडन्ट हॅव द हार्ट टू’. कर्जापायी दावणीची बैलजोडी विकायची वेळ आलेला शेतकरी बाजारापर्यंत जातो आणि तशीच जोडी घेऊन परत येतो, त्याच्यासाठी हे वाक्य आहे: ‘ही डिडन्ट हॅव द हार्ट टू सेल देम.’

बघवत नाही, ऐकवत नाही, सहन होत नाही, यांना ‘कान्ट बेअर’ किंवा ‘कान्ट स्टँड’. ‘आय कान्ट बेअर टू सी हर लाइक धिस.’ तिची ही दशा बघवत नाही. ‘कान्ट स्टँड’ जास्त बोलीतला आहे आणि त्यात चीड मिसळलेली असते: ‘आय कान्ट स्टँड धिस हीट.’ मे महिन्यात भुसावळला पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा याचा सराव आपोआप होतो.

‘कधी एकदा घरी जातो असं झालंय’ हेही एक प्रकारे न राहवणंच, पण पुढच्या गोष्टीसाठी. त्याला ‘आय कान्ट वेट टू गो होम’, ‘टू’सकट. गोष्ट अजून व्हायची आहे, हे लक्षात ठेवा.

सातवी पायरी: रोजचा सराव

रोज रात्री वहीत तीन वाक्यं लिहा, त्या दिवशी तुमचा स्वतःवरचा ताबा कुठे सुटला त्याची. प्रसंग खरे घ्या. पुस्तकातली वाक्यं विसरतात, स्वतःवर गुदरलेली विसरत नाहीत. आधी मराठीत लिहा, शेजारी ‘घडलं’ किंवा ‘नाही घडलं’ असं टिपा, मग इंग्रजी करा आणि मोठ्याने म्हणा. पंधरा दिवस पुरतात. त्यापुढे तोंड आपोआप वळतं.

सुरुवातीला ही काही वाक्यं करून बघा. खालची उत्तरं हाताने झाका.

कानबाईच्या मिरवणुकीत वाजंत्री सुरू झाली आणि आजीला नाचल्याशिवाय राहवलं नाही.
‘ग्रँडमदर कुडन्ट हेल्प डान्सिंग.’ ती थांबायलाच तयार नसेल तर ‘कुडन्ट स्टॉप डान्सिंग’.

वादळात केळीची बाग आडवी झाली, काकांना ती बघवेना.
‘अंकल कुडन्ट बेअर टू लुक ॲट इट.’

पोराचं उत्तर ऐकून गुरुजींना हसू फुटलं.
‘द टीचर बर्स्ट आऊट लाफिंग.’

तिखट आहे हे माहीत असूनही मी परत रस्सा घेतला, राहवलंच नाही.
‘आय कुडन्ट रेझिस्ट टेकिंग सम मोअर.’

आईला खरं सांगायला जीभ रेटेना.
‘आय कुडन्ट ब्रिंग मायसेल्फ टू टेल माय मदर द ट्रुथ.’

तू चिडलीयेस असं मला राहून राहून वाटतंय.
‘आय कान्ट हेल्प फीलिंग दॅट यू आर अँग्री.’

त्या रात्री शेतात, जाळ विझत आलेला असताना, मी त्या पोरीला फक्त ‘हेल्प’चा इलाज समजावला आणि पुढचं तिच्यावर सोडलं. ती थोडा वेळ फोन हातात धरून बसली. मग तिने दोन वाक्यं लिहिली: ‘नो, नॉट एव्हरी डे. आय वॉज ऑन अ डाएट, बट टुनाइट आय कुडन्ट हेल्प ईटिंग इट.’ पाठवण्याआधी तिने मला विचारलं, “सर, इथे ‘रेझिस्ट’पण चाललं असतं ना?” चाललं असतं. ‘बट टुनाइट आय कुडन्ट रेझिस्ट इट.’ आणि भरताच्या बाबतीत मी स्वतः तेच लिहिलं असतं.